'लागत नाही' म्हणजे बिघडलं असं नाही

छोटे, आधी तो डिलीटच्या बटणाकडे गेलेला हात मागे घे. टीव्हीवर लागत नाही म्हणजे फाइल गेली, असं आपल्या घरांत सगळेच धरून चालतात. सासूबाई म्हणतात, "सीडी मेली." दीर म्हणतात, "व्हायरस असंल." मग सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळतात, कारण घरातला एकुलता एक लॅपटॉप तुझ्या माहेराहून आलेला. तुलाही वाटायला लागतं की आपल्याच हातून काहीतरी झालं. काही झालेलं नसतं गं. फाइल बहुतेक वेळा ठणठणीत असते, समोरच्या टीव्हीला ती उलगडता येत नाही एवढंच.

मी इथे आदिलाबादेत शिलाई मशीनच्या शेजारी लॅपटॉप मांडून ही कामं करते, ते तू बघितलंच आहेस. बेला, जैनथ, तलमडगू, तांसी, कुठून कुठून बायका पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधून आणतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, हे टीव्हीवर काऊन लागत नाही वं?" आपल्या भागात हा प्रश्न जरा जास्तच येतो, आणि त्याला कारण आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तिकडे, आजच्या महाराष्ट्रात, गेले, आपण इकडे राहिलो. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार झाले. सोयरिकी मात्र कुणी वाटून घेतल्या नाहीत. त्यामुळे लग्न किनवटला, शूटिंगवाला आदिलाबादचा, नवरदेवाचा मामा हैदराबादेहून आयफोन घेऊन आलेला, आणि नवरीच्या मावशीकडे पांढरकवड्याला पंधरा वर्षांपूर्वीचा टीव्ही. एकच व्हिडिओ या सगळ्यांकडे लागला पाहिजे. नाही लागला की रुसवे. "आमच्याकडे मुद्दामच नाही लागणारी दिली," असंही ऐकलंय मी.

आता नीट ऐक, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय असं जे असतं ते डब्याचं नाव. आत काय भरलंय ते वेगळंच. एकाच आकाराच्या स्टीलच्या डब्यात एकीने वरणभात दिला, दुसरीने मटण. झाकणावरून काय कळणार? आतलं चित्र एका पद्धतीने दाबून बसवलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने, आणि या दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीला म्हणतात कोडेक. दोन्ही फाइली एमपी४, तरी एक लागते आणि दुसरी नाही, ते यामुळे. एमकेव्ही पुसून तिथे एमपी४ लिहिलं तरी काही होत नाही, तेही यामुळेच. तुझ्या दिरांनी तेच केलं होतं ना? त्यांना बोलू नकोस, सगळे करतात.

चित्र दाबायची एच.२६४ नावाची पद्धत २००३ मध्ये आली आणि आज टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप, जवळजवळ सगळीकडे चालते ती हीच. तिची धाकटी एच.२६५, हिलाच एचईव्हीसी म्हणतात, २०१३ ची. ती तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून नव्या मोबाइलवाल्यांची लाडकी. पण जुन्या टीव्हीत ती उलगडणारी चिपच नसते. चिपच नाही म्हटल्यावर पेनड्राइव्ह कितीदा काढून घाल, फुंकर मार, टीव्ही बंद करून चालू कर, उपयोग शून्य.

तेव्हा तुला शेवटी जिथे पोचायचंय ते एका ओळीत सांगते: डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. कागदावर लिहून फ्रिजला चिकटव. ही तिन्ही जमली की किनवट, पुणे, दुबई, कुठेही पाठव.

पण लगेच बदलायला धावू नकोस. आधी आत काय आहे ते बघायचं. त्यासाठी व्हीएलसी घे. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम आहे ते. फुकट आहे आणि त्यात एकही जाहिरात नाही. व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या त्यांच्याच पत्त्यावरून उतरव, गुगलमध्ये वर जाहिरातीत येतं तिथून नको. त्यात फाइल उघड, वरच्या टूल्समध्ये जाऊन कोडेक इन्फॉर्मेशन दाब. तिथे एक ओळ चित्राची आणि एक आवाजाची दिसेल. चित्राच्या ओळीत एच२६४ किंवा एव्हीसी दिसलं तर अर्धी लढाई जिंकलीस. एचईव्हीसी किंवा एच२६५ दिसलं तर दुखणं तिथे आहे. आवाजात एएसी असेल तर ठीक. ए५२ असं काही दिसलं तर तो एसी३ आवाज, डीव्हीडीतून येतो; आणि डीटीएस असेल तर बऱ्याच टीव्हींना तो चालत नाही. लोक म्हणतात ना, "चित्र दिसते, तोंडं हालतात, आवाजच नाही", तो प्रकार हाच.

या दोन ओळी बघितल्या की किती काम करायचं ते ठरतं, आणि माझं सांगणं असं की कमीत कमी कर. चित्र एच२६४, आवाज एएसी आणि नुसता डबाच एमकेव्ही असेल, तर आतलं काहीही न हलवता डबा बदलता येतो. अ‍ॅव्हिडेमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्रालाही 'कॉपी', आवाजालाही 'कॉपी', खाली 'एमपी४ मक्सर' निवडायचं आणि सेव्ह करायचं. तासाभराची फाइल थोड्या मिनिटांत होते आणि चित्राचा एक ठिपकाही कमी होत नाही. चित्र बरोबर पण आवाज एसी३ असेल तर चित्राला 'कॉपी' आणि फक्त आवाजाला एएसी. चित्रच वेगळं असेल तेव्हाच सगळं नव्याने दाबायचं. कारण दर वेळी नव्याने दाबलं की थोडं चित्र हरवतं, आणि हरवलेलं परत येत नाही. लोकांना वाटतं कन्व्हर्ट केलं की फाइल सुधारते. दुकानदारही 'एचडी करून देतो' म्हणून पैसे घेतात. मुळात नसलेलं चित्र कुठून आणणार ते?

नव्याने दाबायचंच असेल तर हँडब्रेक घे, हँडब्रेक डॉट एफआर वरून. हेही फुकट. सुरुवातीला इतकी बटणं बघून घाबरशील, पण तुला त्यातली चार-पाचच लागतात. फाइल आत ओढून टाक. प्रीसेटमध्ये 'फास्ट १०८०पी३०' घे. फॉरमॅट एमपी४. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एच.२६४, आणि त्याच्या नावापुढे '१०-बिट' लिहिलेलं नको, ते जुन्या टीव्हीला चालत नाही. त्याच पानावर गुणवत्तेची एक पट्टी असते, आरएफ नावाची. इथे उलटं आहे हं, आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी लग्नाला २० ठेवते, जुन्या दुर्मीळ गोष्टींना १८. फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' कर. मोबाइलचं शूटिंग कधी जलद कधी सावकाश फ्रेम घेतं, आणि मग मंगलाष्टकं एकीकडे आणि भटजींचे ओठ दुसरीकडे असं होऊ शकतं. आवाज एएसी, स्टीरिओ. मग स्टार्ट.

पण पूर्ण फाइल नको लगेच. हँडब्रेकमध्ये कुठून कुठपर्यंत ते सांगता येतं, तर मधलंच एक मिनिट कर, पेनड्राइव्हवर घाल आणि ज्या टीव्हीवर लावायचंय त्याच टीव्हीवर लावून बघ. लागलं की रात्री जेवणं झाल्यावर पूर्ण फाइल लावून झोप. जुन्या लॅपटॉपला तीन तासांचं लग्न दाबायला अख्खी रात्र लागू शकते. चार्जर लावलेला असू दे आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, खालची हवेची भोकं बंद होतात. मे महिन्यात तर आपल्याकडची घरं रात्रीही तापलेली असतात, तेव्हा पाटावर ठेव आणि पंख्याखाली.

आता तुझ्या घरातली एकेक गोष्ट घेऊ.

हैदराबादच्या भाच्याचे व्हिडिओ. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून नवे आयफोन आपोआप एचईव्हीसीमध्येच शूटिंग करतात, त्या पोराने मुद्दाम काही केलेलं नाही. त्याला प्रेमाने सांग की सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' कर. हळदीच्या आधी सांग म्हणजे झालं, पुढची सगळी मेहनत वाचते. आणि नव्या आयफोनचा व्हिडिओ टीव्हीवर फिका, धुतल्यासारखा दिसला तर तो एचडीआरचा प्रताप. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. व्हिडिओ म्हणून गेला की व्हॉट्सअ‍ॅप तो आपल्या मनाने दाबतं. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल आहे तशी जाते, २०२२ पासून ही सोय आहे.

शूटिंगवाल्याने दिलेला पेनड्राइव्ह. इथे दोन वेगळी दुखणी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक तर चित्र एचईव्हीसी, ते आता तुला कळतं. दुसरं दुखणं पेनड्राइव्हचंच. जुने टीव्ही फॅट३२ पद्धतीने तयार केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात, आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही. तासाभराचं चांगलं एचडी चित्र ८ एमबीपीएसने धरलं तर साडेतीन जीबीच्या वर जातं. म्हणजे तीन तासांचं लग्न एका फाइलमध्ये बसवायचा हट्ट धरला की कॉपी होतानाच अडतं. मग कुणीतरी पेनड्राइव्ह एक्सफॅट करून देतं, फाइल बसते, आणि टीव्ही म्हणतो पेनड्राइव्हच दिसत नाही. सरळ तुकडे कर: हळद, लग्न, वरात, रिसेप्शन. बघणाऱ्यांनाही तेच बरं पडतं, कारण खरं सांगू का, पूर्ण तीन तास नवरीची आईसुद्धा बघत नाही. जो तो आपला चेहरा असलेला भाग शोधतो.

फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि साल आधी लिहून दे. मराठीत लिहिलीस तर जुन्या टीव्हीच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. वाईट वाटतं, पण टीव्हीशी भांडून काय करतेस?

सासूबाईंच्या धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या सीडी. या व्हीसीडी आहेत. १९९३ च्या मापाने चालणारी गोष्ट ही. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून त्या काळातलं प्रत्येक लग्न दोन नाहीतर तीन सीडींत आहे आणि दुसरी सीडी हमखास कुणीतरी नेलेली आहे. लॅपटॉपला सीडीची फट नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो घे किंवा माझा घेऊन जा. सीडी उघडलीस की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल, त्यात शेवटी डीएटी असलेली भलीमोठी फाइल. तीच लग्न. ती आधी लॅपटॉपवर उतरवून घे. हँडब्रेकने थेट घेतली तर ठीक, नाही घेतली तर डीएटी काढून एमपीजी लिहून बघ. नाव बदलून काम होण्याची ही एक जागा. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आहे, ते तेवढंच राहू दे. मोठं करायच्या भानगडीत पडू नकोस. 'फास्ट ५७६पी२५' हा प्रीसेट पुरे.

सीडीवर डाग असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पूस, गोल गोल नाही. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसऱ्याला वाचता येते, असं मी पाहिलंय. म्हणून टाकून देण्याआधी दोन-तीन ठिकाणी लावून बघ.

डीव्हीडी असेल तर व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या एकेक जीबीच्या फाइली दिसतील. त्या सुट्या उचलून कन्व्हर्ट करू नकोस. हँडब्रेकला पूर्ण फोल्डरच दे, तो स्वतः जोडून घेतो. आणि हलत्या हाताच्या, पदराच्या कडेला आडव्या रेषा दिसत असतील तर फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस चालू कर. जुन्या टीव्हीसाठी एक चित्र दोन अर्ध्यांत काढलेलं असायचं, ते लॅपटॉपवर असं फाटतं.

मोठ्या कपाटात एक व्हीएचएस कॅसेटही आहे म्हणालीस. छोटे, बाकी सगळं बाजूला ठेव आणि ती आधी काढ. सीडी अजून चार वर्षं थांबेल. कॅसेट वाचणारं यंत्रच आता दुर्मीळ आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये काम बंद केलं. चालू व्हीसीआर असलेलं कुणी नात्यात निघतं का विचार. लॅपटॉपला जोडायला पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांचं एक छोटं कॅप्चर यंत्र लागतं, त्याच्या सेटिंगमध्ये 'पाल' निवड, 'एनटीएससी' नको. कॅसेट तीन तासांची असेल तर तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रात घालू नकोस, त्याने यंत्राचं डोकंही खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. अशी असेल तर मला दाखव.

आणि आबांची ती क्लिप. जैनथच्या जत्रेत देवळाच्या ओट्यावर बसून भजन म्हणतानाची, दादाच्या पहिल्या कॅमेरावाल्या मोबाइलमधली. ती थ्रीजीपी फाइल आहे. चित्र १७६ बाय १४४, म्हणजे आबांचा चेहरा धड ओळखूही येत नाही. फेटा कळतो, आणि टाळ वर-खाली होताना एक पिवळा ठिपका हलतो. आवाज एएमआर पद्धतीचा, फोनवर बोलण्यापुरता केलेला, त्यामुळे टाळ अगदीच चिरका. पण दुसऱ्या कडव्याला आबा खोकतात आणि मागून आजी "पाणी घ्या" म्हणते, ते स्पष्ट ऐकू येतं. नव्या मोबाइलवर ती नुसती काळी दिसते म्हणून काकूंनी ती पुसायला घेतली होती. मी एच.२६४ आणि एएसी करून तुला पाठवलीय. मूळ थ्रीजीपीही ठेवलीय, आणि तूही ठेव. उद्या याहून चांगलं काही साधन आलं तर ते मूळ फाइलीवरच चालवायला लागेल. हा नियम सगळ्यालाच धर: नवी फाइल लागली म्हणून जुनी पुसायची नाही, आणि दोन्हींची एक प्रत दुसऱ्या घरात.

एक प्रकार मात्र कन्व्हर्ट करून सुटत नाही, तो आधीच सांगते, म्हणजे कुणाला आशा लावू नकोस. शूटिंग चालू असताना मोबाइलची बॅटरी संपली किंवा तो पडला, तर एमपी४ फाइल तयार होते पण तिची सूची लिहायची राहून जाते. कुठे काय आहे हे सांगणारा भागच नाही, म्हणून ती व्हीएलसीतही उघडत नाही. अशा वेळी त्याच मोबाइलवर, त्याच सेटिंगने घेतलेली दुसरी चांगली फाइल नमुन्याला देऊन 'अनट्रंक' नावाच्या साधनाने ती कधी कधी सांधता येते. कधी कधी, असंच सांग.

सीसीटीव्हीच्या फाइली, शेवटी डीएव्ही असलेल्या, कापसाच्या गोदामवाल्यांकडून माझ्याकडे येतात. व्हीएलसीत बहुतेक लागतात, हँडब्रेकने एमपी४ होतात. मात्र प्रकरण पोलिसांपर्यंत जाणार असेल तर मूळ फाइलीला हात लावू नकोस, प्रत काढून तिच्यावर काय ते कर.

आता थोडं हळू आवाजातलं. ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरचे व्हिडिओ चढवू नकोस. फुकट म्हणतात, आपण चढवतो, आणि मग हळदीला ओल्या साडीत नाचणाऱ्या आपल्याच पोरी कुणाच्या सर्व्हरवर जाऊन बसतात ते कोण सांगणार? अशा फुकट कन्व्हर्टरच्या आडून संगणकात घातक सॉफ्टवेअर घुसवतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने मार्च २०२५ मध्ये दिला होता. दुकानात द्यायचं झालं तर समोर बसून करून घे. मला ठाऊक असलेल्या एका दुकानात गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या फाइली सगळ्यांच्या सगळ्या एका उघड्या फोल्डरमध्ये पडलेल्या होत्या. येईल तो चाळत होता. म्हणून तर मी म्हणते, हे काम बायकांनी शिकून घ्यावं. नवऱ्याला विचार, दिराला विचार, दुकानातल्या पोराला विचार, हे कशाला? रजिस्टर आणि पासबुक सांभाळणाऱ्या तुला चार बटणं काय जड आहेत?

आणि दुसरी बाजू. तुला जमतं हे कळलं की गावात वारं सुटेल. "तुमच्या सुनबाई लावून देतात म्हणे." चुलतसासू येतील, त्यांच्या माहेरची माणसं येतील, पलीकडच्या गुड्यातली गोंड पोरं दंडारी नाचाचे व्हिडिओ घेऊन येतील. पोरांचं काम आवर्जून कर. दिवाळीतला गुस्साडीचा नाच त्यांच्याच मोबाइलांत आहे, आणि तो दहा प्रकारच्या फाइलींत विखुरलेला. मारलवाईचे गुस्साडी नाचणारे कनकराजू, ज्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. त्यांचा नाच किती जणांनी मोबाइलवर घेतला असेल, विचार कर. गोंडांचा अभ्यास करणारे हायमेनडॉर्फ साहेब १९४०च्या दशकात त्याच मारलवाईत राहिले, त्यांची छायाचित्रं लंडनच्या सोआस विद्यापीठात नीट जपलेली आहेत. आपल्या पोरांच्या मोबाइलांना तसा कुणी वाली नाही. मेमरी कार्ड भरलं की पहिलं तेच पुसतात.

चुलतसासूंच्या कामाला मात्र वेळ बांधून घे. रविवारी दुपारी, जेवणानंतर. एरवी "ठेवून जा" म्हणायचं. आणि बाहेरच्यांकडून पैसे घे. तुला अवघडल्यासारखं होईल, मलाही वाटायचं, पण रात्रभर लॅपटॉप चालतो, वीज जळते, सकाळी उठून तूच तपासतेस. तासाच्या व्हिडिओमागे ठरवून सांग. पैसे घेतलेस की लोक फाइलही जपतात, एरवी आठ दिवसांनी तीच परत मागायला येतात. डाउनलोड केलेले चोरीचे सिनेमे टीव्हीला लावून द्या म्हणून कुणी आलं तर तू नाही म्हण आणि माझं नाव पुढे कर. मी वाईट झाले तरी चालेल.

बरं, तुझ्या त्या पहिल्या फाइलीचं. कोडेक इन्फॉर्मेशनची खिडकी उघडून तिचा स्क्रीनशॉट पाठव. मोबाइलने पडद्याचा फोटो काढू नकोस, परवासारखा अर्धा ट्यूबलाइटच येतो त्यात. आणि टीव्हीच्या मागच्या बाजूला मॉडेलचा नंबर असतो, तो लिहून ठेव. सासूबाई झोपल्या की बघ, नाहीतर विचारतील टीव्ही का हलवतेस म्हणून.